बारा एकतीसचा मुहूर्त

"मॅडम, सायरन बंद करून मागच्या गेटनं या. पुढं पाहुणे हायेत."

हे सांगणारे होते संपतराव. शेळगावजवळच्या एका मंगल कार्यालयात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. दुपारचे पावणेचार झाले होते. कंट्रोल रूमकडून मला मिळालेली माहिती एवढीच: पुरुष, वय त्रेसष्ट, चक्कर. पत्ता पक्का करायला मी गाडीतून उलटा फोन लावला, तर पेशंट कसा आहे ते राहिलं बाजूला, आधी सायरनचं.

"पेशंट बोलतोय का?" मी विचारलं.

"बोलतोय म्हंजी, बरळतोय. जरा घेऊन आलाय वाटतं. लिंबूपाणी पाजलंय."

"श्वास नीट चालू आहे?"

"हाय की. पडलाय निवांत. मॅडम, पाठवणी व्हायची हाय अजून. तेवढं सायरनचं बघा."

मी फोन ठेवला आणि हनुमंतला म्हटलं, "सायरन चालू ठेव."

हनुमंत आमच्या गाडीचा पायलट. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला आमच्याकडे पायलटच म्हणतात. सुप्याचा माणूस, इंदापूर ते बारामती रस्त्यावरचे खड्डे त्याला तोंडपाठ. मी बीएएमएस डॉक्टर. गेली बारा वर्षं सरकारी ॲम्ब्युलन्सवर आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पेशंट उचलायचा आणि दवाखान्यात टाकायचा. तसं असतं तर मला कशाला नेमलं असतं, हमाल चालला असता. दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत जे काही करायचं आणि जे काही करू द्यायचं नाही, ते सगळं आमचं काम. दुसरं जास्त अवघड.

कार्यालयाच्या अलीकडे हनुमंतनं सायरन स्वतःच बंद केला. "लग्नघर हाय मॅडम," एवढंच म्हणाला. रस्ता मोकळाच होता.

मागच्या बाजूला, भांडी घासायच्या जागेशेजारी एक खोली होती. आत गादीवर पेशंट उताणा पडलेला. पांढरा शर्ट, गुलाबी फेटा उशाशी, केसांत अक्षता तशाच. उशाशी बसलेला एक माणूस चमच्यानं त्यांच्या तोंडात लिंबूपाणी घालत होता. ते घशात न जाता गालावरून ओघळत होतं, आणि थोडं गेलं की पेशंटला ठसका लागत होता.

"चमचा खाली ठेवा," मी ओरडलेच.

तो दचकला. हा विकास, साउंडवाला. पेशंट त्याच्याबरोबरच आले होते. त्यांचं नाव वसंत मास्तर. अंथुर्ण्याचे, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. गेली पंचवीस वर्षं ते लग्नांत निवेदन करायचे. आमच्या भागात निवेदकाशिवाय लग्न होत नाही. कोण आमदाराचा माणूस आला, कुठल्या सोसायटीचे चेअरमन आले, मामा कुठं उभे राहायचे, मुलीची आत्या कुठं, सगळं माइकवरून हा एक माणूस हलवतो. मंगलाष्टकंही मास्तरच म्हणायचे. तारखा मिळत नसत त्यांच्या.

"चौथ्या मंगलाष्टकाला जीभ जड झाली," विकास सांगू लागला. "मग हातातला माइकच पडला. लोक हसाय लागले. नवऱ्याकडचे म्हणले, मास्तर घेऊन आलेत. मॅडम, ह्यो माणूस सुपारीबी खात न्हाय हो. मी सांगत हुतो, पण ऐकतंय कोण. आनून टाकला हितं."

मी मास्तरांना कुशीवर वळवलं. तोंडातलं पाणी आणि लाळ सक्शननं काढली. मग तीन गोष्टी बघितल्या. त्या कुणालाही घरी बघता येतात, म्हणून इथं सांगते. "मास्तर, हसा बघू." डावीकडचा ओठ वर गेला, उजवीकडचा लोंबत राहिला. "दोन्ही हात वर करा." डावा वर आला, उजवा गादीवरून चार बोटं उचलला आणि पडला. "तुमचं नाव सांगा." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न त्यांना कळला होता, ते डोळ्यांत दिसत होतं. तोंडातून "व... व..." एवढंच आलं आणि डोळे भरले.

ज्याच्या आवाजावर हजार माणसं उठतात-बसतात, त्याला स्वतःचं नाव येईना.

हा स्ट्रोक होता. आपल्याकडे लकवा म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढचा भाग रक्तावाचून मरायला लागतो. किंवा वाहिनी फुटते आणि आत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कुठलं ते फक्त सीटी स्कॅन सांगतो. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या मुदतीला सगळे डॉक्टर विंडो म्हणतात. विंडो गेल्यावर दिलं तर मेलेल्या भागात रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो.

बोटाला टोचून साखर बघितली. एकशे अडतीस. साखर फार उतरली तरीही माणूस असाच बरळतो, हात लुळा पडतो, म्हणून ती आधी बघायची. बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर-शंभर. ऑक्सिजन शहाण्णव.

तोवर संपतराव आले. नवी टोपी, घामानं भिजलेला सदरा, तीन रात्री न झोपलेले डोळे. त्यांच्यामागे पाच-सहा पाहुणे. प्रत्येकाकडे एक सल्ला.

"मॅडम, ऑक्सिजन लावा की."

"पुरेसा आहे त्यांना."

"बीपी लई हाय म्हणता, मग जिभेखाली गोळी द्या. आमच्या डॉक्टरनी मागं दिलती."

"नाही द्यायची. मेंदूला रक्त कमी पडलंय, म्हणून शरीरानं बीपी वाढवलंय. मी एकदम उतरवलं तर आहे तेही जाईल."

"मग तुमी करताय तरी काय?"

"तुम्हाला बाजूला," मी म्हटलं आणि स्ट्रेचर आत घेतला.

डाव्या हाताला सलाईनची सुई लावली. डोक्याकडची बाजू थोडी उचलून ठेवली. सगळं व्हायला दहा मिनिटं लागली. मग शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. "हे किती वाजता झालं?"

"अक्षता पडल्या तवा," तिघं एकदम म्हणाले.

"म्हणजे किती वाजता?"

"मुहूर्तावर," संपतराव म्हणाले. "बारा एकतीस."

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फॉर्मवर लिहिलं: सुरुवात १२.३१. इतकी नेमकी वेळ फार क्वचित मिळते, मला बरंच वाटलं. आणि माझी चूक इथं झाली.

चार अठराला गाडी निघाली. विकास मागं माझ्याबरोबर बसला. कंट्रोल रूमच्या सरांचा फोन आला.

"मॅडम, गाडी बारामतीच्या दिशेनं दिसतेय. तुमचा एरिया इंदापूर."

"सर, स्ट्रोक आहे. सीटी आणि इंजेक्शन दोन्ही तयार पाहिजे. बारामतीत सोय होतेय."

"गाडी दोन तास बाहेर राहील. मागं कॉल आला तर?"

"शेजारची गाडी द्या, सर. मी लेखी देते."

"लेखी द्याच," सर म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचंही चूक नव्हतं. एक गाडी एका बाजूला गेली की दुसरी बाजू उघडी पडते, आणि उद्या उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

मग मी बारामतीच्या हॉस्पिटलला फोन लावला. ड्यूटीवरचा फिजिशियन माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण कामाला चोख. मी सगळं सांगितलं. उजवी बाजू, बोलणं गेलेलं, साखर, बीपी.

"सुरुवात किती वाजता?"

"बारा एकतीस."

"मॅडम, मग विंडो पाच वाजून एक मिनिटाला संपते. तुम्ही कधी पोहोचताय?"

"पाच-पाच वाजून पाच."

"त्यानंतर सीटी, त्यानंतर तपासणी. म्हणजे इंजेक्शन नाही. या तुम्ही, ॲडमिट करतो, बाकी सगळं करू. पण ते नाही."

"नाही कसं?" मी म्हटलं, पण तेवढ्यानं काही बदललं नाही.

मी मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. स्ट्रोकच्या पेशंटसमोर लोक तो नसल्यासारखे बोलतात, आणि मीही तेच केलं होतं. मी त्यांचा डावा हात धरला. तो त्यांनी घट्ट दाबला.

विकास कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. त्याला उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "जेवलास का रे?"

"कुठलं मॅडम. पहिली पंगत बसली तवा मास्तरांजवळ हुतो. दुसरी बसली तवा तुमाला फोन लावा म्हणून संपतरावांच्या मागं लागलोतो."

"पहिली कधी बसली?"

"सव्वादोनला आसंल."

मी फॉर्म खाली ठेवला.

आमच्या भागात लग्नाला हजार-बाराशे माणूस येतं. एप्रिलचं ऊन, पत्र्याचा मांडव, पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नाही. शेवटचं 'सावधान' हवेत असतानाच लोक ताटांकडे पळतात. अक्षता हातातून सुटल्या की पाचव्या मिनिटाला पहिली पंगत बसलेली असते. मग बारा एकतीसला लागलेल्या लग्नाची पहिली पंगत सव्वादोनला कशी बसेल? पावणेदोन तास बाराशे माणूस हात जोडून उपाशी बसलं होतं का?

स्वतःचाच राग आला मला. मी याच मातीतली. आमच्या बौद्ध लग्नांत मुहूर्त बघत नाहीत, तरी पत्रिकेवर साडेबारा छापतात आणि लग्न लागतं अडीचला. माझंही तसंच लागलं. अख्ख्या तालुक्यात वेळेवर लागलेलं लग्न मी एकही बघितलेलं नाही. आणि मी पत्रिकेवरची वेळ फॉर्मवर उतरवून घेतली होती.

"विकास, लग्न खरं किती वाजता लागलं?"

तो खाली बघायला लागला. "मुहूर्तावर."

"खोटं बोलू नकोस."

"मॅडम, माझा मोबाईल मिक्सरपाशी चार्जिंगला हुता. मला टाइम खरंच म्हाईत न्हाय. उशीर झालाता, एवढं म्हाईत हाय. पण संपतरावांनी समद्यांना सांगितलंय, उशीर झाला म्हणून कुणी तोंडातनं काढायचं न्हाय. थोरल्या पोरीच्या लग्नाला मुहूर्त टळला हुता. ती दोन वर्सांत माघारी आली. लोक आजूनबी तेच बोलत्यात. त्यांच्या बायकूनं त्याचा लई धसका घेतलाय."

मी संपतरावांना फोन लावला. मागं सनई वाजत होती.

"संपतराव, लग्न खरं किती वाजता लागलं? माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मॅडम, सांगितलं की. बारा एकतीस."

"उशीर झाला असेल तर मास्तरांना एक औषध देता येईल. नसेल झाला तर नाही देता येत. मी कुणाला सांगणार नाही."

"तुमाला कुणी सांगितलं उशीर झाला म्हणून? आमचं लग्न येळंवर लागलंय. लिवून घ्या." फोन बंद. पुन्हा लावला, उचलला नाही.

हनुमंत पुढून सगळं ऐकत होता. "मॅडम, दोन वाजता लिवा की. उशीर तर झालेलाच हाय. कोण बघाय येतंय?"

"हनुमंत, तू रस्ता बघ."

"माणूस वाचंल म्हणून म्हणलो."

"आणि अक्षतांच्या आधीच त्रास सुरू झाला असेल तर? साडेबारालाच हात जड झाला असेल, कुणाच्या लक्षात आलं नसेल तर? मी ठोकून दिलेल्या वेळेवर ते इंजेक्शन देतील, मेंदूत रक्तस्राव होईल, आणि मास्तर तिथंच संपतील. मला सोयीची वेळ नको. खरी पाहिजे."

मी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले होते. आमच्या कामात 'शेवटचं नीट कधी बघितलं' हा शब्दप्रयोग असतो. त्रास कधी सुरू झाला हे ठाऊक नसेल, तर पेशंट शंभर टक्के ठीक होता अशी शेवटची वेळ धरायची. ती सांगणारा माणूस पाहिजे, आणि त्याच्या शब्दाला कुठल्यातरी घड्याळाचा आधार पाहिजे. बाराशे माणसांत मला एक मिळत नव्हता.

अंथुर्ण्याच्या फाट्यावर मास्तरांच्या पत्नी उभ्या होत्या. विकासनं आधीच फोन करून ठेवला होता. पुढं दवाखान्यात सही लागते, म्हणून त्यांना घ्यायचं ठरलं होतं. शांताकाकू. हातात पिशवी, तिच्यात टॉवेल, तांब्या आणि गोळ्यांची पाकिटं. आत चढल्या, नवऱ्याचं वाकडं तोंड बघितलं आणि मटकन खाली बसल्या. रडल्या मात्र नाहीत.

मी वेळ घालवला नाही. "काकू, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? आधी कधी लकवा, ऑपरेशन?"

"न्हाय. बीपीची तेवढी. तीबी घेत न्हाईत लग्न असलं की."

"आज सकाळी निघताना ठीक होते?"

"व्हय. आठला गेले."

"त्यानंतर बोलणं झालं?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या, आणि मोबाईलवर पदर ओढला.

बारा वर्षांत एक गोष्ट शिकलेय. नातेवाईक खोटं बोलतात ते बहुतेक वेळा आजाराबद्दल नसतं, स्वतःबद्दल असतं. मी खाली त्यांच्याशेजारी बसले. गाडी हलत होती, म्हणून स्ट्रेचरच्या दांड्याला धरलं.

"काकू, एक सांगते. त्यांच्या मेंदूत गुठळी असावी. ती काढायचं इंजेक्शन आहे. पण सगळे म्हणतात साडेबाराला झालं. तसं असेल तर ते देता येत नाही. साडेबारानंतर कुणाशी ते नीट बोलले असतील, तर देता येईल. म्हणून विचारतेय. बाकी मला काही नको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मास्तरांकडे. मग एकदम बांध फुटला.

"दीडला बोलले हो. मीच केलता फोन. गोळी घेतली का म्हणून. तर आंगावरच आले. म्हणले, ती गोळी घेतली की सारखं लघवीला पळावं लागतं, माइक कुणाच्या गळ्यात मारू? मीबी बोलले. लई वाढलं मग." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी म्हणलं, मरा तिकडंच. आन फोन ठिवला. मॅडम, माझ्या तोंडानं झालं हे."

"तुमच्या तोंडानं काही झालेलं नाही. फोन बघू."

मोबाईल त्यांच्या हातातून घेतला. कॉलची यादी उघडली. 'मालक', एक वाजून चौतीस मिनिटं. तीन मिनिटं बारा सेकंद बोलणं.

"काकू, आता नीट आठवून सांगा. भांडताना त्यांचे शब्द अडकत होते? जीभ जड वाटत होती?"

"जड? खणखणीत बोलत हुते की! माझ्या माहेरापतूर गेले."

"किती वेळ?"

"तीन मिंटं तेच बोलत हुते. मला कुठं बोलू दिलं."

"आणखी काही म्हणाले? लग्नाचं?"

"व्हय. म्हणले, नवरदेव आजून मारुतीच्या देवळाम्होरं नाचतोय, हितं लोक मला विचारत्यात, आन तुझं मधीच गोळीचं काय."

एक चौतीसला नवरदेव मारुतीपुढं नाचत होता. एक चौतीसला मास्तर तीन मिनिटं न थांबता, न अडखळता, सासरच्या माणसांसकट सगळ्यांचा उद्धार करत होते. इतका पक्का पुरावा मला आजवर कुठल्याच पेशंटचा मिळालेला नाही. विंडो सहा वाजून चार मिनिटांपर्यंत होती.

मी फॉर्मवरचं १२.३१ खोडलं, शेजारी सही केली आणि हॉस्पिटलला फोन लावला.

"डॉक्टर, शेवटचं नीट एक चौतीस. पत्नीशी फोनवर बोललेत. कॉल लॉग माझ्या हातात आहे."

"मघाशी तुम्ही बारा एकतीस म्हणालात."

"ती पत्रिकेवरची वेळ होती."

तोही याच भागातला असणार, कारण पुढं काही विचारलं नाही. "पत्नीला द्या फोन," म्हणाला. काकूंनी त्याला भांडण पहिल्यापासून सांगितलं, माहेरासकट. शेवटी त्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला, "बास काकू, कळलं. मॅडम, सीटी रिकामं ठेवतो. थेट तिकडंच या."

हनुमंतला काही सांगावं लागलं नाही. जंक्शन, भवानीनगर ही गावं कधी मागं गेली कळलं नाही. पाच वाजून तीन मिनिटांनी आम्ही दारात होतो. स्ट्रेचर कॅज्युअल्टीत न थांबता सीटीच्या खोलीत गेला.

सीटी चालू असताना माझा फोन वाजला. संपतराव होते. सनई थांबली होती.

"मॅडम, पोरगी सासरी गेली आत्ता." मग अगदी हळू, "दोन पाचला लागलं लग्न. तवर मास्तर चांगले हुते. तीन मंगलाष्टकं झाक म्हणले त्यांनी, माझ्या म्होरं. मी उभा हुतो तितं."

"तुम्ही घड्याळ बघितलं होतं?"

"मिंटामिंटाला बघत हुतो, मॅडम." मग म्हणाले, "आमच्या घरात सांगू नका एवढं."

"नाही सांगत."

मी ते लगेच आत डॉक्टरांना सांगितलं. दोन माणसं, एकमेकांशी न बोललेली, आणि दोघांच्या वेळा एकमेकींना धरून. त्यानं मान हलवली. सीटीत रक्तस्राव नव्हता. बीपी एकशे शहात्तर, चालण्यासारखं. आता फक्त सही. त्यानं काकूंना इंजेक्शनचा धोका सांगितला. काही पेशंटना मेंदूत रक्तस्राव होतो, काही त्यानं दगावतात, हे त्यानं लपवलं नाही.

काकूंनी ऐकून घेतलं. "बोलतील का?"

"खात्री देत नाही. शक्यता वाढते."

"मग द्या. मुक्या माणसाबरं मी न्हाय ऱ्हायची." आणि सही केली, पूर्ण नावानं, सावकाश, मास्तरणीसारखी.

पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं. साडेसहाला मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं हलली. मी तोवर थांबायला नको होतं, गाडी परत न्यायची होती. पण थांबले. लेखी खुलासा दोन पानांचा लिहावा लागला, तो लिहिला.

महिन्याभरानं दोघं इंदापूरला आमच्या स्टँडवर आले. मास्तर चालत होते. उजवा हात पेढ्यांची पिशवी उचलण्याइतका झाला होता, बटण लावण्याइतका नव्हता. बोलत होते. पण शब्द मधेच हरवायचा. वाक्य सुरू व्हायचं, अर्ध्यात अडायचं, मास्तर डोळे मिटून शोधत राहायचे. निवेदन या वर्षी तर नाहीच. पुढं होईल का, ते मलाही सांगता येत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

माझ्यासमोरच काकूंनी विचारलं, "गोळी घेतली का?"

मास्तर चिडले. "घेतली! सारखी काय... सारखी काय..." शब्द येईना. हात हवेत तसाच. मी बोलायला तोंड उघडलं, काकूंनी मला खुणेनं गप्प केलं. दहा सेकंद वाट बघितली. मग हळूच म्हणाल्या, "कटकट."

"कटकट!" मास्तर गरजले. "सारखी काय कटकट लावलीय!"

काकू माझ्याकडे बघून हसल्या. "निम्मंशिम्मं जमतंय आता. अडलं की मीच शब्द देते. दुसरं कोण द्यायचंय." आणि मग डोळे पुसले.

आता तुमच्यासाठी सांगते. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तरी पाणी पाजू नका, गोळी देऊ नका, दारू प्यायलाय का याची चौकशी नंतर करा. ॲम्ब्युलन्स बोलवा, पुढच्या गेटनं. आणि वेळ लिहून ठेवा. मीही त्या दिवसापासून 'कधी झालं' असं विचारत नाही, कारण त्याला लोक पत्रिकेवरची, पंचांगातली, नाहीतर सोयीची वेळ सांगतात. मी घरच्यांना बाजूला घेऊन विचारते, "शेवटचं भांडण किती वाजता झालं?" आधी चमकतात, मग लाजतात, पण उत्तर मिनिटासकट देतात.